पुराच्या दिवसांत कोयनेचं पाणी पोफळीमार्गे कोकणात का वळवत नाहीत?

कृष्णाकाठ

दर पावसाळ्यात कोयनेचे वक्र दरवाजे उचलले, की कराडपासून सांगलीपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो. धरणातलं पाणी डोंगराच्या पलीकडे नेऊन वीज करायची सोय आहे, मग पुराच्या दिवसांत सगळे संच पूर्ण क्षमतेनं चालवून पाणी कोकणात का सोडत नाहीत? वीजही मिळेल आणि सांगलीतलं पाणीही उतरेल, असा लोकांचा सरळ हिशेब असतो.

मला याचं आकड्यांसकट उत्तर हवं आहे. पोफळी आणि चौथा टप्पा ही पश्चिमेकडची वीजगृहं पूर्ण जोरात चालली तर दिवसाला किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेला जातं? कृष्णा पाणीवाटपाच्या लवादानं पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर घातलेली वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा पावसाळ्यात वळवलेल्या पाण्यालाही लागू होते का? तेच पाणी पायथा वीजगृहातून सोडलं तर वीज किती कमी मिळते? आणि १५ ऑगस्टपर्यंत धरण मुद्दाम रिकामं ठेवायला काय हरकत आहे?

ज्यांना यातलं नीट माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहावं. राजकीय दोषारोप नकोत, ते रोज वर्तमानपत्रात वाचतोच.

---

टीएमसी_क्युसेक

आधी मांडणी स्पष्ट करतो, कारण निम्मा गोंधळ टप्पे एकमेकांत मिसळल्यानं होतो.

हेळवाकजवळच्या मुख्य धरणातलं, म्हणजे शिवसागर जलाशयातलं पाणी दोन वाटांनी बाहेर पडतं. पूर्वेकडची वाट नदीची: पायथा वीजगृह, सांडव्याचे सहा वक्र दरवाजे, तिथून पाटण आणि कराडला कृष्णेत. पश्चिमेकडची वाट सह्याद्रीच्या पोटातून जाते. पहिला आणि दुसरा टप्पा पोफळीच्या एकाच भूमिगत वीजगृहात आहेत, मिळून ६०० मेगावॉट. चौथा टप्पा, ४ संच गुणिले २५० म्हणजे १००० मेगावॉट, तोही भूमिगत आणि त्याचंही पाणी थेट शिवसागरातूनच येतं. या दोन्हीकडून बाहेर पडलेलं अवजल कोळकेवाडीच्या लहान धरणात जमतं. तिथून ते अलोरेच्या तिसऱ्या टप्प्यात ३२० मेगावॉटसाठी पुन्हा वापरलं जातं आणि मग वाशिष्ठीत जातं. पायथ्याचे ४० मेगावॉट धरले की एकूण १९६० मेगावॉट.

म्हणजे पश्चिमेला किती पाणी जातं हे पाहायचं असेल तर फक्त १६०० मेगावॉट मोजायचे. अलोरे त्यात धरायचं नाही, कारण ते धरणातून नव्यानं काहीच उचलत नाही.

आता वीज. सूत्र सोपं आहे: पाणी घनमीटरमध्ये, गुणिले पडण्याची उंची मीटरमध्ये, गुणिले ९.८१, भागिले ३६०० म्हणजे युनिट. बोगद्यातलं घर्षण, टर्बाइन आणि जनित्र मिळून ८८ टक्के कार्यक्षमता धरू. १ टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. घाटमाथ्यावरच्या जलाशयापासून पोफळीपर्यंतचा फरक साधारण ४७५ मीटर. यातून १ टीएमसीला सव्वातीन कोटी युनिटच्या आसपास येतात. तेच पाणी अलोरेत आणखी ११० मीटर पडतं, त्याचे ७५ लाख. मिळून १ टीएमसीला ४ कोटी युनिट.

पायथा वीजगृहात एक संच २० मेगावॉटचा आणि तो सुमारे १०५० क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी घेतो. दोन्ही चालू असले की बातम्यांत येणारा २१०० क्युसेकचा आकडा तयार होतो. १०५० क्युसेकनं १ टीएमसी संपायला साधारण २६५ तास लागतात. तेवढ्या वेळात २० मेगावॉटनं ५३ लाख युनिट होतात, तेही जलाशय भरलेला असताना. म्हणजे तेच पाणी पश्चिमेला साडेसात पट वीज देतं.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. उन्हाळ्यात जलाशय ३५-४० मीटर खाली गेला तर ४७५ मीटरच्या उंचीत त्याचा फरक आठ टक्क्यांच्या आसपास पडतो. पायथ्याला मात्र भरलेल्या जलाशयाची उंचीच ८० मीटरच्या घरात, त्यामुळे तिथली उंची जवळजवळ निम्मी होते. एप्रिल-मे मध्ये पायथ्याच्या विजेचा आकडा गडगडतो तो यामुळे. तिथे तेव्हा पाणी सिंचनासाठी सुटत असतं, वीज हे जोडउत्पन्न.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: १६०० मेगावॉट पूर्ण भारावर चालायला सेकंदाला सुमारे ३९० घनमीटर, म्हणजे १३,८०० क्युसेक पाणी लागतं. ११,५७४ क्युसेक सलग २४ तास वाहिले की १ टीएमसी होतो, हा आकडा पाठच ठेवा. म्हणून पूर्ण जोरात पश्चिमेला दिवसाला साधारण १.२ टीएमसी जातात. यापेक्षा जास्त शक्यच नाही. पाणी संचांतूनच जावं लागतं आणि व्यवहारात एखादा संच देखभालीसाठी बंद असतोच.

६७.५ टीएमसीची मर्यादा बच्छावत लवादाची. हिशेबाचं वर्ष १ जून ते ३१ मे. पाणी पुरातलं की उन्हाळ्यातलं असा भेद त्यात नाही. पश्चिमेला वळवलं की खात्यातून वजा झालं. आता ६७.५ ला १.२ नं भागा: ५६-५७ दिवस. सगळे संच चोवीस तास पूर्ण भारावर चालवले तर वर्षभराचं पाणी दोन महिन्यांच्या आत संपतं. वर्षभर पुरवायचं तर रोज सरासरी पावणेचार तास. कोयना हे सकाळ-संध्याकाळच्या चढ्या मागणीचं केंद्र आहे याचं कारण इथे आहे. १९६० मेगावॉट हा आकडा अवजड वाटतो, पण रोजचा शिधा मोजका आहे.

---

सांडवा

वरचा हिशेब बरोबर आहे. पुराची बाजू मी मांडतो.

जुलै-ऑगस्टमध्ये कोयना, नवजा आणि महाबळेश्वर या तिन्ही पर्जन्यमापन केंद्रांवर एकाच वेळी मोठा पाऊस झाला, की आवक लाखाच्या घरात जाते. १ लाख क्युसेक म्हणजे दिवसाला ८.६४ टीएमसी. पश्चिमेला सगळे संच चालू ठेवून तुम्ही त्यातले १.२ काढता. उरलेले साडेसात टीएमसी एकतर जलाशयात मावले पाहिजेत, नाहीतर दरवाजांतून गेले पाहिजेत. ऐन पुरात बोगद्यांचा उपयोग एवढाच. सांगलीतल्या पातळीवर त्याचा परिणाम नगण्य म्हणणार नाही, पण पूर टळेल असं समजणं चूक आहे.

दरवाजांबद्दल. सांडव्याचा माथा २१३३ फूट ६ इंचांवर आहे. त्यावर २५ फुटी वक्र दरवाजे, म्हणजे २१५८ फूट ६ इंच. त्यावर नंतर ५ फुटी फ्लॅप बसवले, म्हणून पूर्ण पातळी २१६३ फूट ६ इंच झाली आणि साठा ९८.७८ वरून १०५.२५ टीएमसीवर गेला. पाणी सांडव्याच्या माथ्याखाली असेल तर दरवाजे पूर्ण उघडले तरी थेंब सुटणार नाही. त्या पातळीखाली पूर्वेला सोडायचं साधन म्हणजे पायथ्याचे २१०० क्युसेक आणि गरजेला रिव्हर स्लुइसमधून (धरणाच्या खालच्या भागातली नदीत सोडायची वाट) थोडं अधिक. २१०० क्युसेकनं १ टीएमसी काढायला साडेपाच दिवस लागतात. त्यामुळे ‘जूनमध्येच पाणी सोडून धरण रिकामं का केलं नाही’ या प्रश्नाला अर्थ उरत नाही. जूनच्या सुरुवातीला पाणी सांडव्याच्या बरंच खाली असतं.

दरवाजे उचलणं हेही सरळ गुणाकाराचं काम नाही. जलाशय जवळपास भरलेला असताना सहाही दरवाजे एक फूट उचलले की सहा-साडेसहा हजार क्युसेक बाहेर पडतात. पातळी २१५० च्या आसपास असेल तर त्याच एका फुटाला पाच हजारांच्या थोडं वर, कारण दरवाजामागचा दाब कमी असतो. म्हणून ‘दरवाजे चार फुटांवर’ या बातमीवरून विसर्ग ठरवू नका, सोबत पातळीही बघा.

१५ ऑगस्टपर्यंत रिकामं ठेवण्याबद्दल. कोणत्या तारखेला कोणत्या पातळीच्या वर जाऊ द्यायचं नाही, याची जलाशय परिचलन सूची असते आणि दरवाजे त्यानुसार चालतात. पण सूची कितीही चांगली असली तरी ऑगस्टनंतरचा पाऊस कोणाच्या हातात नाही. २०२३ च्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरलंच नाही आणि त्याची झळ पुढच्या उन्हाळ्यात वीज आणि सिंचन दोघांना बसली. उपयुक्त साठा साधारण १०० टीएमसी. त्यातून पश्चिमेचे ६७.५ वजा करा. उरलेल्या साडेबत्तीसमध्ये बाष्पीभवन, नदीकाठची गावं, आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना. ऑगस्टच्या मध्यावर २० टीएमसीची जागा मोकळी ठेवली आणि पाऊस पाठ फिरवून गेला, तर मे महिन्यात म्हैसाळचे पंप कशावर चालवायचे?

आणखी एक. सांगलीचा पूर एकट्या कोयनेचा नसतो. धरणाखाली केरा आणि मोरणा मिळतात, त्यांच्या पाणलोटावर कोयनेच्या दरवाजांचा काही इलाज नाही. कराडच्या वरून धोम, उरमोडी, तारळीकडचं पाणी कृष्णेतून येतं. सांगलीच्या लगेच खाली हरिपूरला वारणा मिळते. वारणा फुगलेली असली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही आणि आयर्विन पुलाजवळ पातळी चढत राहते. पुलाजवळ ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. कोयनेतून विसर्ग कमी केल्यावर त्याचा परिणाम कराडला काही तासांत दिसतो, सांगलीला त्याहून बराच उशिरा. विसर्ग कमी-जास्त करायचा निर्णय हे अंतर धरूनच घ्यावा लागतो.

मग पश्चिमेच्या बोगद्यांचा पुरासाठी काहीच उपयोग नाही का? आहे, पण पूर यायच्या आधी. मोठ्या पावसाचा अंदाज असताना दहा दिवस आधीपासून सगळे संच चालवले तर १२ टीएमसीची जागा तयार होते, आणि ती जागा पुराचा माथा छाटायला खरोखर उपयोगी पडते. किंमत उघड आहे: ६७.५ मधले १२ गेले, उरलेल्या वर्षाला साडेपंचावन्न.

---

कृष्णाकाठ

दोघांचेही आभार. १.२ आणि ८.६४ हे दोन आकडे शेजारी ठेवले की बरंच स्पष्ट होतं.

आता दोन उपप्रश्न. पावसाळ्यात दहा दिवस संच सलग पूर्ण भारावर चालवायला यंत्रांची काही अडचण असते का? आणि पोफळीला पेल्टन चाकं आहेत, पण जवळजवळ तेवढ्याच उंचीवर चौथ्या टप्प्यात फ्रान्सिस ही दुसऱ्या प्रकारची टर्बाइन का बसवली?

---

मशीनहॉल

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

पेल्टन चाक हवेत फिरतं. नोझलमधून सुटलेली धार बकेटवर (चाकाच्या कडेच्या वाट्यांवर) आदळते आणि पाणी खाली पडून जातं. खालच्या अवजलाची पातळी चाकापर्यंत चढली तर बकेट पाण्यात बुडतात आणि शक्ती झपाट्यानं घटते. म्हणून चाक अवजलापासून पुरेसं वर ठेवावं लागतं आणि त्या दोघांमधली उंची वाया जाते. फ्रान्सिस उलट पाण्यात बुडालेलं असतं, अवजलाच्या पातळीच्याही खाली बसवतात, त्यामुळे शेवटच्या मीटरपर्यंतची उंची वापरता येते. फ्रान्सिस वेगानंही जास्त फिरतं, म्हणून तेवढ्याच शक्तीला जनित्र लहान लागतं आणि डोंगरातली गुहा लहान खोदावी लागते. २५० मेगावॉटचे चार संच भूमिगत बसवायचे असतील तर हा फरक मोठा ठरतो. पोफळीचा पहिला टप्पा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा. इतक्या उंचीवर फ्रान्सिस बसवण्याचा सराव जगात नंतर वाढला.

पेल्टनचा गुण कमी भारावर दिसतो. एकेक नोझल बंद करत गेलं तर ३० टक्के भारावरही कार्यक्षमता फारशी उतरत नाही. फ्रान्सिस ४० ते ६० टक्क्यांच्या पट्ट्यात खडखडतं. रनरमधून (टर्बाइनच्या चाकातून) बाहेर पडणारं पाणी गिरकी घेतं, ड्राफ्ट ट्यूबमध्ये (चाकाखालच्या निर्गम नळात) त्याचा पिळलेला दोर तयार होतो, दाब हेलकावतो, शाफ्टला कंप येतो. त्या पट्ट्यात संच थांबवून ठेवायचा नसतो, पटकन ओलांडून जायचं असतं. म्हणून मिश्र केंद्रात शहाणपणाची वाटणी अशी: फ्रान्सिस संच ७०-८० टक्क्यांच्या वर ठेवायचे किंवा बंद करायचे, आणि मागणीतले बारीक चढउतार पेल्टननं सांभाळायचे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातून येतं. सलग पूर्ण भार हा जलविद्युत संचाला त्रासाचा नसतो, उलट सर्वात सुखाचा असतो. खरी झीज चालू-बंद करण्यात होते. दर वेळी गुंडाळ्या तापतात आणि निवतात, इन्सुलेशन सैल होतं, बेअरिंगवर तेलाचा थर तयार होण्याआधीचे काही फेरे कोरडे जातात, बकेटच्या मुळाशी ताण शून्यावरून कमालीवर जातो. पेल्टनच्या रनरमध्ये सर्वात आधी तडा जातो तो बकेट चकतीला जिथे जोडलेली असते त्या वळणावर. वार्षिक देखभालीत तिथे रंगद्रव्य किंवा चुंबकीय कण वापरून तडे शोधतात. एखादी बकेट सुटली तर ती आवरणात फिरताना पुढची तोडते.

संच सुरू कसा होतो ते थोडक्यात सांगतो. बेअरिंगचे तेलपंप आणि थंड पाणी चालू, ब्रेक सोडलेले आहेत याची खात्री. मग पेनस्टॉकच्या (वीजगृहात पाणी उतरवणाऱ्या दाबनळाच्या) तळाशी असलेल्या स्फेरिकल व्हॉल्व्हची बायपास वाहिनी उघडतात आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा होऊ देतात. हे न करता व्हॉल्व्ह उघडायचा प्रयत्न केला तर एका अंगाला जवळजवळ ५० वातावरणांचा दाब असतो, सील फाटतात. दाब सारखा झाला की व्हॉल्व्ह पूर्ण उघडतात, नोझलची नीडल (धार कमी-जास्त करणारी सुई) किंचित मागे घेतात आणि चाक फिरू लागतं. वेग ९०-९५ टक्क्यांवर आला की जनित्राच्या चुंबकांना उत्तेजन (वीजप्रवाह) देतात. व्होल्टेज, वारंवारता आणि फेज जुळले की ब्रेकर लावून जाळ्याशी जोडतात. स्थिर थांबलेल्या अवस्थेपासून भार घेईपर्यंत काही मिनिटं पुरतात. औष्णिक संचाला थंड अवस्थेतून यायला कित्येक तास लागतात, म्हणून भार प्रेषण केंद्र (विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणारं केंद्र) अडचणीच्या वेळी कोयनेकडे बघतं.

धोका सुरू होण्यात कमी आणि अचानक थांबण्यात जास्त. वाहिनीत दोष येऊन भार एकदम सुटला की चाक पळू लागतं. पाणी तत्काळ बंद करणं हा सरळ उपाय वाटतो आणि तोच घातक आहे. पेनस्टॉकमधलं पाणी सेकंदाला ५ मीटर वेगानं येत असेल आणि ते क्षणात अडवलं, तर दाबाची लाट सुमारे ५०० मीटर पाण्याच्या उंचीएवढी उसळते. म्हणजे आधीच ४७५ मीटरचा दाब सोसणाऱ्या नळावर जवळजवळ दुप्पट दाब. म्हणून पेल्टनला डिफ्लेक्टर असतो. तो दोन-तीन सेकंदांत धारेच्या आड येतो, धार बकेटवरून बाजूला वळते, आणि नीडल मागाहून सावकाश बंद होते. फ्रान्सिसला ही सोय नाही. तिथे गाइड व्हेन (चाकाकडे येणारं पाणी उघड-बंद करणाऱ्या पात्या) बंद कराव्याच लागतात, आणि बंद करायचा वेग म्हणजे चाकाची वाढती गती आणि नळातला वाढता दाब यांमधली तडजोड असते. हा वेग कार्यान्वित करताना एकदा ठरवला की नंतर कोणी मनानं बदलायचा नसतो.

यातली उरलेली लाट पोटात घ्यायला बोगद्याच्या टोकाला, पेनस्टॉक सुरू होण्याआधी, सर्ज वेल असते. संच बंद झाला की बोगद्यातलं पाणी तिच्यात वर चढतं, आणि संच एकदम सुरू झाला की पहिलं पाणी तीच पुरवते. जलाशय खूप खाली असताना सगळे संच एकाच वेळी भारावर घेतले, तर विहिरीतली पातळी इतकी उतरू शकते की पेनस्टॉकमध्ये हवा शिरेल. म्हणून उन्हाळ्यात संच एकामागून एक, मध्ये वेळ सोडून घेतात.

कमी पातळीचा विषय निघालाच आहे तर लेक टॅपिंगबद्दल दोन ओळी. चौथ्या टप्प्याचं पाणी भरलेल्या जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडून घेतलं आहे. पहिलं टॅपिंग १३ मार्च १९९९ ला झालं. बोगदा तळाच्या खाली आणायचा, शेवटी काही मीटरचा खडक ठेवायचा, मागचा दरवाजा बंद करायचा आणि तो खडक एका स्फोटात उडवायचा. पडलेला राडा जमायला आधीच खाली मोठा खड्डा खोदून ठेवलेला असतो, नाहीतर तो पाण्याबरोबर टर्बाइनकडे निघेल. दुसरं टॅपिंग २५ एप्रिल २०१२ ला, जलाशय आणखी उतरल्यावरही चौथा टप्पा चालावा म्हणून.

झिजेच्या बाबतीत कोयना नशीबवान आहे. हिमालयातल्या नद्यांत क्वार्ट्झची बारीक वाळू असते आणि एका पावसाळ्यात नीडल, नोझलची कडी आणि गाइड व्हेन खरवडून निघतात. इथे पाणलोट बेसॉल्टचा आणि बराचसा जंगलाचा. त्यावर एवढा लांब जलाशय, गाळ वरच्या अंगालाच बसतो.

---

वाशिष्ठी

इथे सगळी चर्चा कृष्णाकाठावर उभं राहून चालली आहे. पश्चिमेला पाठवलेलं पाणी कुठेतरी उतरतं, आणि ते चिपळूणच्या नदीत उतरतं.

कोळकेवाडीचा साठा सव्वा टीएमसीच्या आसपास, आणि त्यातला वापरता येणारा भाग जेमतेम तिसरा हिस्सा. ते समतोल राखणारं धरण आहे, पूर अडवायला बांधलेलं नाही. वरून ३९० घनमीटर येत असताना अलोरे पूर्ण भारावर सुमारे ३३० घनमीटरच पुढे नेऊ शकतं. काही कारणानं अलोरे बंद पडलं, तर वापरता येणारी जागा रिकामी असली तरी अंदाजे आठ तासांत भरते. त्यानंतर कोळकेवाडीचे दरवाजे उघडा किंवा वरचे संच थांबवा, तिसरा पर्याय नाही.

आणि पाऊस दोन्हीकडे एकाच वेळी असतो. ज्या ढगांनी नवजाला पाणी दिलं तेच आधी चिपळूणवर कोसळून आलेले असतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा घाटावरही तोच पाऊस होता. चिपळूणपर्यंत नदीला भरतीचा प्रभाव आहे. भरतीच्या वेळी दाभोळच्या खाडीकडे पाणी उतरत नाही, आणि त्याच तासांत वरून १३,८०० क्युसेक आले तर ते बाजारपेठेतच साठणार. त्यामुळे ‘पुरात पश्चिमेला वळवा’ याचा अर्थ सांगलीचा पूर चिपळूणला नेऊन ठेवा, असा होतो. पश्चिमेचे संच चालवायचे की थांबवायचे हे ठरवताना वाशिष्ठीची पातळी आणि भरतीची वेळ बघितलीच पाहिजे. यावर मी ठाम आहे.

विजेच्या बाजूनंही त्या दिवसांत गरज कमी असते. पावसाळ्यात शेतीपंप बंद, पंखे आणि एसी कमी. पवनऊर्जा मात्र जून ते सप्टेंबरमध्ये सर्वात जास्त. कोयनेच्या डोक्यावर वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या आहेतच. औष्णिक संच आधीच किमान भारावर आणलेले असतात. त्यात १६०० मेगावॉट चोवीस तास ओतायचे तर कोणाचा तरी संच पूर्ण बंद करावा लागतो. अशक्य नाही. पण मे महिन्यात संध्याकाळी सात वाजता ज्या पाण्याची खरी गरज असते ते जुलैच्या मध्यरात्री खर्चायचं, एवढं समजून तो निर्णय घ्यावा.

---

सांडवा

@वाशिष्ठी, मान्य. म्हणूनच मी पूर यायच्या आधीच्या दहा दिवसांबद्दल लिहिलं, ऐन पुरातल्या नाही. नदी आटोक्यात असताना आणि ओहोटी साधून.

धरण रिकामं ठेवून मग झपाट्यानं भरण्याला आणखी एक बाजू आहे, ती राहून जायला नको. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणाच्या उंच भागाला, जिथे मागच्या उताराचा कोन बदलतो त्या पातळीला, तडे गेले होते. नंतर तारांनी ताण देऊन आणि मागून काँक्रीटचे भक्कम आधार घालून तो भाग मजबूत केला. पुढे संशोधकांना असं दिसलं, की जलाशयाची पातळी आठवड्याला १२ मीटरहून अधिक वेगानं वाढली तर मोठ्या धक्क्यांची शक्यता वाढते. दर वेळी धक्का बसतोच असं नाही. पण भरण्याच्या वेगावर नजर ठेवायला एवढं कारण पुरेसं आहे.

---

कृष्णाकाठ

आता शेवटचं. रोजच्या कोयना पत्रकात साठा, पातळी, पायथ्याचा विसर्ग आणि आवक येते. आवकेचा आकडा प्रत्यक्ष मोजलेला असतो की काढलेला? तो घरबसल्या पडताळता येतो का?

---

टीएमसी_क्युसेक

काढलेला असतो, आणि पडताळता येतो. जलाशयाला एवढ्या ओढ्यांतून पाणी मिळतं की आवक थेट मोजणं व्यवहार्य नाही. साठ्यातली वाढ अधिक बाहेर गेलेलं सगळं पाणी, हाच हिशेब.

उदाहरणादाखल समजा, काल सकाळी ८ ते आज सकाळी ८ मध्ये साठा १.५ टीएमसीनं वाढला. १.५ गुणिले ११,५७४ म्हणजे १७,३६१ क्युसेक. पायथ्यातून २,१०० गेले. पश्चिमेला समजा दिवसभराची सरासरी ६,००० होती. बेरीज २५,४६१ क्युसेक, ही चोवीस तासांची सरासरी आवक. दरवाजे उघडे असतील तर त्यांचा विसर्गही मिळवायचा.

यात चुका तीन ठिकाणी होतात. पश्चिमेचा विसर्ग अनेक बातम्यांत नसतोच, तो न धरता लोक आवक कमी काढतात. त्यासाठी पोफळी आणि चौथ्या टप्प्याची त्या दिवसाची वीजनिर्मिती मिळाली तर सव्वातीन कोटी युनिटला १ टीएमसी या दरानं पाणी काढा; अलोरेचे युनिट त्यात मिसळू देऊ नका. दुसरं, वाऱ्यामुळे जलाशयाची पातळी धरणाच्या भिंतीपाशी थोडी चढते किंवा उतरते. एवढ्या मोठ्या पाणपसाऱ्यावर दोन-तीन इंचांचा फरकही साठ्यात मोठा दिसतो, म्हणून तासातासाच्या आवकेचे आकडे उड्या मारतात. किमान सहा तासांची सरासरी घ्या. तिसरं, काही पत्रकांत एकूण साठा असतो आणि काहींत उपयुक्त. दोन्हींत सुमारे ५ टीएमसीचं अंतर आहे. काल एक आणि आज दुसरा घेतलात तर एका रात्रीत ५८ हजार क्युसेकची आवक वाढलेली किंवा घटलेली दिसेल.